पूर, भूकंप किंवा दरडीनंतर मुलांचे मन आणि मुलांची शाळा

नैसर्गिक आपत्तीनंतर मुलांना समुपदेशनाची गरज असते का, हा प्रश्न पालक आणि शिक्षक नेहमी विचारतात. काही मुलांना असते. पण त्याआधी जवळजवळ प्रत्येक मुलाला ओळखीचे एखादे मोठे माणूस सतत जवळ हवे असते, रात्रीची झोप हवी असते आणि शाळा हवी असते. एवढे वेळेवर मिळाले तर बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. ते मिळाले नाही तर नुसत्या समुपदेशनाच्या बैठकांनी फारसे साधत नाही.

आमच्या पवनारला धाम नदी, हिंगणघाटला वणा आणि जिल्ह्याच्या सीमेवर वर्धा. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत हिंगणघाटच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले आणि अनेक कुटुंबांना घर सोडून निवाऱ्याला जावे लागले. त्याआधी ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाड गाव उद्ध्वस्त केले, दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी दहा-बारा वर्षांची असलेली मुले आज चाळिशीत आहेत, स्वतः आईबाप झाली आहेत. जोराचा पाऊस आला की घरातली मोठी माणसे रात्रभर जागी राहतात, सारखी दारात जाऊन पाणी बघतात, आणि काही न बोलताही ती भीती शेजारी झोपलेल्या लेकराला कळते. म्हणून मुलाला दवाखान्यात आणले की मी आधी आईला किंवा आजीला विचारतो, "तुम्हाला झोप लागते का?"

मुलांमध्ये काय दिसते

लहान मूल "मला भीती वाटते" असे सहसा सांगत नाही. पाच वर्षांखालचे मूल आईचा पदर सोडत नाही, बंद झालेले अंगठा चोखणे पुन्हा सुरू करते, अंथरूण ओले करते, येत असलेले शब्दही बोलेनासे होते. शाळकरी मुलाचे पोट दुखते, डोके दुखते, आणि बहुधा सकाळी शाळेच्या वेळीच दुखते. काही मुले पूर-पूर किंवा भूकंप-भूकंप असा खेळ पुन:पुन्हा खेळतात. मोठ्यांना हे अभद्र वाटते आणि ती रागावतात. रागावू नये. मूल आपल्या परीने घडलेली गोष्ट समजून घेत असते. खेळाचा शेवट दरवेळी तसाच भयंकर होत असेल आणि खेळून झाल्यावर मूल अधिकच घाबरत असेल, तर मात्र सोबत बसावे आणि खेळात एखादी नाव, एखादा वाचवणारा माणूस आणून द्यावा.

किशोरवयीन मुलांचे वेगळे असते. ती चिडतात, गप्प राहतात, किंवा अचानक फार शहाणी होतात. बापाचे काम अंगावर घेणारा चौदा वर्षांचा मुलगा सगळ्यांना कौतुकाचा वाटतो, पण रात्री तो झोपत नाही हे कुणी पाहत नाही. खर्रा, सिगारेट, दारू याच काळात सुरू होण्याचा धोका असतो. मुलींच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. घर गेले, पैसा गेला, की "तिचे लग्न उरकून टाकू" असा विचार सुरू होतो आणि शाळा कायमची सुटते. अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न हा गुन्हा आहे, आणि आपत्तीमुळे त्यातून सूट मिळत नाही.

आपत्तीच्या वेळी गावात नसलेल्या मुलांकडेही लक्ष हवे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीतील काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. अशा मुलाने प्रत्यक्ष काही पाहिलेले नसते, पण परतायला घर नसते. "मी तिथे असतो तर" हा विचार त्याला छळत राहतो. त्याला जखम नाही, म्हणून त्याची विचारपूसही कमी होते.

एक गोष्ट डॉक्टर म्हणून सांगायलाच हवी. आपत्तीनंतरचे प्रत्येक दुखणे मनाचे नसते. अंथरूण ओले करणाऱ्या मुलाची लघवी तपासावी, पोट दुखणाऱ्याला जंत किंवा दूषित पाण्याचा आजार नाही ना हे पाहावे. पुराच्या पाण्यातून चाललेल्या मुलाला ताप, अंगदुखी आणि लाल डोळे असतील तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावा. आधी अंग तपासावे आणि मग मनाकडे वळावे.

पहिले काही दिवस

जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराची जी पद्धत सांगितली आहे ती तीन शब्दांत मावते: बघा, ऐका, जोडा. मूल सुरक्षित आहे का, भुकेले आहे का, कुणाबरोबर आहे हे बघायचे. ते जेवढे बोलेल तेवढे ऐकायचे. आणि त्याला त्याच्या माणसांशी, जेवणाशी, उपचाराशी जोडून द्यायचे. हे करायला मानसोपचारतज्ज्ञ असावे लागत नाही. अंगणवाडी ताई, आशा, शिक्षक, शेजारची काकू कुणीही करू शकते.

"काय पाहिलेस ते सांग" असा आग्रह मात्र धरू नये. घडलेला प्रसंग एका बैठकीत सविस्तर वदवून घेतला की मन मोकळे होते, अशी समजूत एके काळी होती. त्याने फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो, असे आता मानले जाते. निवारा केंद्रात येणारे सर्वच पाहुणे, कॅमेरावाले आणि कधी कधी आम्ही डॉक्टरसुद्धा, त्याच मुलाला तोच प्रश्न विचारतो. निवारा केंद्र चालवणाऱ्यांनी हे थांबवावे, वाईटपणा आला तरी चालेल. टीव्हीवर आणि मोबाईलवर तीच दृश्ये पुन:पुन्हा दाखवणेही बंद ठेवावे.

झोपेसाठी रोज एकाच वेळी अंथरूण, ओळखीच्या माणसाच्या शेजारी जागा, मंद दिवा एवढे पुरते. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजाने मूल दचकत असेल तर "काही नाही, झोप" म्हणण्यापेक्षा उठून त्याला बाहेर दाखवावे की पाणी ओट्याच्या किती खाली आहे. खरी माहिती मुलाला धीर देते. झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या मुलाला देऊ नयेत. अशा प्रसंगानंतरच्या घबराटीसाठी किंवा दुःखासाठी मुलांना डायझेपामसारखी औषधे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. आजोबांच्या डबीतली अर्धी गोळी देणारे पालक मी पाहिले आहेत. तसे करू नका.

घरातले कुणी दगावले असेल तर खरे सांगावे. "बाबा झोपले आहेत" असे सांगितले की मूल झोपायलाच घाबरते. "बाबा गावाला गेले" असे सांगितले की ते वाट पाहत बसते, आणि खरे कळले की आपल्यावरचा त्याचा विश्वास उडतो. साध्या शब्दांत सांगावे की ते मरण पावले, ते परत येणार नाहीत, यात तुझी काही चूक नव्हती, आणि आता तुझ्याजवळ अमुक माणूस राहणार आहे. शेवटचे दर्शन, अंत्यविधी, दहावा यांत मुलाची इच्छा असेल तर त्याला सामील करून घ्यावे, सोबत एक माणूस फक्त त्याच्यासाठी ठेवून.

किल्लारीची मुले

महाराष्ट्रात या विषयाचा सर्वांत मोठा अनुभव किल्लारीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. गावेच्या गावे झोपेत गाडली गेली, हजारो माणसे मेली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली. पुढे त्यातून वाघोलीचा शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प उभा राहिला. मेळघाटातील आदिवासी मुले आणि शेतकरी आत्महत्या झालेल्या कुटुंबांतील मुलेही नंतर तिथे शिकली.

या कामातून मला दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली म्हणजे मदत वर्षांची असावी लागते. आपत्तीच्या पहिल्या पंधरवड्यात वह्या-दप्तरांचे ढीग येतात आणि दहावीच्या वर्षी फी भरायला कुणी नसते. मूल शिक्षण पुरे करीपर्यंत जबाबदारी घेणे, हे तिथले मोलाचे. दुसरी, मोठ्या संख्येने मुले एकत्र राहिली की प्रत्येकाला कळते की असे आपल्या एकट्याचेच झालेले नाही.

पण याचा अर्थ दरवेळी मुले गावाबाहेर न्यावीत असा होत नाही, आणि इथे माझे मत ठाम आहे. गावात शाळा सुरू होण्यासारखी असेल, आजी, मामा, काका सांभाळायला तयार असतील, तर मुलाला त्यांच्यापाशीच ठेवावे आणि मदत त्यांच्या घरी पोचवावी. आई-वडील गेल्यावर भाऊ-बहिणींची ताटातूट हा मुलासाठी दुसरा भूकंप असतो. वसतिगृह हा पर्याय, घरी खरोखर कुणी नसेल किंवा शाळेची सोयच नसेल तेव्हाचा. कुणीही परस्पर "दत्तक घेतो" म्हणून मूल घेऊन जाऊ शकत नाही. अनाथ झालेल्या मुलाबाबतचा निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते. नातेवाईक सांभाळत असतील तर त्यांना बालसंगोपन योजनेतून दरमहा मदत मिळू शकते. त्यासाठी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करावा लागतो.

शाळा लवकर सुरू करा

इमारत पडली असेल तर समाजमंदिरात, मंडपात, झाडाखाली, रोज दोन तास का होईना, शाळा भरावी. तीच वेळ, तीच प्रार्थना, तीच हजेरी. ज्या मुलाचे बाकी सगळे विस्कटले आहे, त्याच्यासाठी हजेरीत आपले नाव पुकारले जाणे फार मोठी गोष्ट असते. शाळेबरोबर दुपारचे जेवण येते, खेळ येतो आणि रोज पाहणारे शिक्षकाचे डोळे येतात. कोणते मूल जेवत नाही, कोणते कोपऱ्यात बसते, हे शिक्षकाला माझ्या आधी कळते.

पहिला महिना अभ्यासक्रमामागे धावू नये. लक्ष लागत नाही, पाठ झालेले विसरते, अक्षर बिघडते. हा आळस नाही, आणि चाचणीचे गुण त्या काळात मोजूच नयेत. चित्रे, गाणी, कबड्डी, बाग, मातीकाम यांना जास्त वेळ द्यावा. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून निघालेली नई तालीम हाताच्या कामातून शिकवण्याचाच आग्रह धरत होती. सेवाग्राम आमच्यापासून इतके जवळ आहे की हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये, पण शाळांमधून ते कधीच मागे पडले. घाबरलेल्या मुलाच्या हाताला काम मिळाले की त्याचा श्वास संथ होतो, हे कुठल्याही शिक्षकाला करून पाहता येईल.

सुट्टीनंतर येणारा पहिला मोठा पाऊस आणि घटनेचा वर्षदिन हे दोन दिवस शिक्षकांनी आधीच लक्षात ठेवावेत. सावरलेली मुलेही त्या दिवशी मागे जातात.

कागदपत्रांसाठी मुलाला घरी बसवू नये. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते आठवीच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला हेही कारण चालत नाही. मुलांच्या नोंदी सरल आणि यू-डायस प्रणालीत असतात, जुनी शाळा वाहून गेली तरी त्या शोधता येतात. दहावी-बारावीची गुणपत्रिका विभागीय मंडळाकडून पुन्हा मिळते, आपल्याकडे ते नागपूर. तलाठी पंचनाम्याला आले की भांडी-धान्याबरोबर पुस्तके आणि दाखले गेल्याचेही लिहून घ्यायला सांगा. बालभारतीची पुस्तके मोबाईलवर मोफत उतरवता येतात, पण शक्य असेल तर छापील पुस्तकच मिळवून द्या.

तज्ज्ञांकडे कधी न्यावे

सुरुवातीच्या आठवड्यांत भीती, रडणे, वाईट स्वप्ने हे अपेक्षित आहे. महिना उलटूनही तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल, मूल त्या जागेला, पाण्याला किंवा आवाजाला टाळत असेल, सतत दचकत असेल, शाळा आणि खेळ दोन्ही सुटले असतील, तर हा आघातोत्तर तणावाचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत, त्यातही बोलण्याच्या पद्धतशीर उपचारांचा मुलांना चांगला उपयोग होतो. जेवण बंद होणे, बोलणे पूर्ण थांबणे, स्वतःला इजा करणे किंवा "मला जगायचे नाही" असे म्हणणे यांपैकी काही असेल तर महिन्याची वाट पाहू नये, त्याच दिवशी न्यावे. मरणाविषयी मुलाला सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते.

वर्धा जिल्ह्यात जिल्हा सामान्य रुग्णालयात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि सावंगीच्या रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. जाणे शक्य नसेल तर टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येते. मूल एकटे सापडले असेल, हरवले असेल किंवा त्याला कुणी घेऊन जात असल्याचा संशय असेल तर १०९८ वर कळवावे. हे दोन्ही क्रमांक निवारा केंद्राच्या आणि शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहून ठेवावेत.