निर्दोष पात्र आणि पात्राचा विकास

निर्दोष पात्र आणि विकास पावणारे पात्र ही दोन विरुद्ध टोके आहेत आणि पात्राचा विकास दाखवायचा तर त्याच्या ठायी आधी एखादा दोष असावाच लागतो, असे कादंबरीच्या चर्चेत सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीत टिकणारे नाही, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी प्रथम दोन्ही संज्ञा निश्चित करू.

ज्या पात्राचा कोणताही निर्णय त्या कलाकृतीच्या स्वतःच्या मूल्यव्यवस्थेत चुकीचा ठरत नाही, ते निर्दोष पात्र होय. वाचकाची नीती निराळी असू शकते. तिचा येथे संबंध नाही. विकास म्हणजे पात्र ज्या तत्त्वावर निर्णय घेते त्या तत्त्वात कथेतील घटनांमुळे झालेला टिकाऊ पालट. या व्याख्येमुळे तीन गोष्टी विकासाच्या कक्षेबाहेर जातात. (१) परिस्थितीतील पालट: निर्धन धनवान झाला, एवढ्याने तो बदलला असे होत नाही. (२) वाचकाच्या ज्ञानातील पालट: कठोर भासलेला सासरा शेवटी प्रेमळ ठरतो तेव्हा बदलते ते आपले मत, सासरा पहिल्यापासून तोच असतो. (३) केवळ वर्तनातील पालट: भयाने किंवा लोभाने कृती बदलते, तत्त्व बदलत नाही.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. दोष ही स्थिती आहे, विकास ही गती आहे. म्हणून एकाच्या अभावावरून दुसऱ्याचा अभाव सिद्ध होत नाही. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही ‘करमणूक’ पत्रात १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झालेली कादंबरी याचे उत्तम प्रमाण आहे. तिची निवेदिका यमू हिच्या हातून प्रमाद असा घडतच नाही. जे घडते ते तिच्यावर घडते. तरीही रूढी म्हणजे जगाचा स्वभावच, असे मानणारी मुलगी मुंबईत पतीच्या सहवासात वाचायला लागते, विचार करायला लागते आणि तीच रूढी माणसांनी केलेली व्यवस्था आहे हे ओळखते. वैधव्यानंतर तिचे बळाने केशवपन होते. तो प्रसंग असह्य होतो याचे कारण यमू सोसते एवढेच नाही. जे होत आहे त्याचा अर्थ आता तिला पुरता कळतो, हे खरे कारण आहे. तिच्यात दोष नव्हता. होती ती ज्ञानाची अपूर्णता. विकासाला आवश्यक असते ती ही अपूर्णता. दोष हा तिचा एक प्रकार, आणि कथाकाराला सर्वांत सोयीचा, एवढेच.

आता निर्दोषत्वाचे दोन प्रकार केले पाहिजेत. लेखकाने पात्राला आरंभीच बहाल केलेले आणि कथेत कधीही पणाला न लागणारे ते दत्त निर्दोषत्व. ज्याची किंमत पात्राला प्रसंगोप्रसंगी मोजावी लागते ते परीक्षित निर्दोषत्व. निर्दोष पात्रांवर निर्जीवपणाचा आक्षेप सर्रास घेतला जातो, तो पहिल्या प्रकाराला लागू पडतो, दुसऱ्याला नाही.

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’तील (१९५९) कच हा पहिल्या प्रकाराकडे झुकणारा आहे. महाभारतात संजीवनीविद्येच्या आख्यानानंतर कचाचे कार्य संपते. खांडेकरांनी त्याला पुढे आणून संयमाचा आदर्श म्हणून उभे केले. येथे कादंबरीची रचनाच बोलकी आहे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा ही तिघे आपापली कहाणी सांगतात. कचाला निवेदन दिलेले नाही. प्रथमपुरुषी निवेदनात मनातील द्वंद्व उघड होते, आणि कचाचे द्वंद्व कथेच्या गरजेहून कमी आहे. तो इतरांच्या दृष्टीतूनच दिसतो, म्हणून मोठा दिसतो. मापदंड म्हणून त्याचे कार्य निर्विवाद आहे, कारण ययातीचे अधःपतन मोजायला एक स्थिर बिंदू लागतो. मापदंडाला चरित्र असावे लागत नाही; पण म्हणूनच कचाच्या पुण्याईने वाचक हलत नाही, ययातीच्या लालसेने हलतो.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची बाब निराळी आहे. आई आदर्श आहे, हे पुस्तक लपवत नाही. परंतु पोहण्याचा प्रसंग पाहावा. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर पाठवते. तो पोहून परततो तेव्हा त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. मुलाला कोणी भित्रा म्हणू नये हे तिचे तत्त्व आणि मुलाला लागू नये ही तिची माया एकाच क्षणी परस्परांविरुद्ध उभी राहतात; ती तत्त्व पाळते आणि मायेचे दुःख सोसते. निर्णय चुकीचा नाही, पण फुकटही नाही. सावकाराच्या माणसाने दारात केलेला आईचा अपमान हा प्रसंग याच जातीचा आहे. या पुस्तकाला केवळ भाबडे म्हणून बाजूला सारणारे वाचक ही किंमत लक्षात घेत नाहीत, असे मला वाटते. येथे विकास श्यामचा होतो, आईचा नाही. श्रेय मात्र आईच्या परीक्षित निर्दोषत्वाला जाते, कारण त्या स्थिर केंद्राशी घर्षण झाल्याखेरीज श्याम घडलाच नसता.

याच्या उलट टोकाला दोष विपुल आणि विकास संदिग्ध अशी पात्रे आहेत. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर हे ठळक उदाहरण. दोष असला की विकास आपोआप येतो, हा समज त्याच्यापुढे टिकत नाही.

विकासाच्या अवस्था पाच मानता येतात: धारणा, तिला बाध आणणारी घटना, प्रतिरोध, विवेकाचा पालट आणि त्या पालटानुसार घेतलेला, किंमत मोजायला लावणारा निर्णय. सामान्य लेखक तिसरी अवस्था गाळतो. बाध येताच पात्र सुधारते आणि वाचकाचा विश्वास उडतो. प्रतिरोध जितका दीर्घ, तितका पालट विश्वसनीय. ययातीच्या बाबतीत खांडेकरांनी प्रतिरोधाला जवळजवळ संपूर्ण कादंबरी दिली. पुरूने पित्याचे वार्धक्य स्वीकारल्यानंतरच बाध निर्णायक ठरतो. शेवटच्या दोन अवस्था मात्र फार थोड्या पानांत उरकल्या आहेत, ही त्या रचनेची उणीव आहे.

चौथी आणि पाचवी अवस्था भिन्न आहेत, याला महाभारतातील कर्णाएवढा समर्थ पुरावा नाही. सभापर्वात तो द्रौपदीला अत्यंत हीन शब्द वापरतो. पुढे उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचे रहस्य सांगून राज्य देऊ करतो. त्या वेळी दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना बोललेल्या कटू शब्दांचा आपल्याला ताप होतो, असे कर्ण स्वतः सांगतो. कौरवांचा पराभव त्याला दिसत असतो. पण अधिरथ-राधेने वाढवले आणि दुर्योधन आपल्या भरवशावर युद्धाला उभा राहिला, ही दोन कारणे देऊन तो पक्ष सोडत नाही. विवेक पालटला, निर्णय तोच राहिला. याला विकास म्हणावे काय? वरील व्याख्येप्रमाणे अंशतः म्हणावे लागेल. निष्ठेचे तत्त्व अढळ आहे. पण पूर्वी ती निष्ठा स्वतःच्या शब्दांचेही समर्थन करी, आता ती त्यांचा दोष ओळखूनही टिकते. हे रहस्य युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कळले तर तो राज्य घेणार नाही, असे तो कृष्णाला विनवतो. त्या विनवणीत शत्रूच्या धर्मबुद्धीवरचा पूर्ण विश्वास आहे, आणि सभेतल्या कर्णापाशी तो नव्हता.