सरकारची जबान, रयतेची जबान

अमेरिकेत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. स्वातंत्र्यानंतर देशाची राजभाषा कोणती असावी यावर मतदान झाले आणि जर्मन भाषा अवघ्या एका मताने हरली, अशी ती गोष्ट. ती खोटी आहे. घडले ते एवढेच की, व्हर्जिनियातल्या काही जर्मन रहिवाशांनी १७९४ साली काँग्रेसकडे अर्ज केला. कायदे इंग्रजीबरोबर जर्मनमध्येही छापून मिळावेत, एवढीच त्यांची मागणी होती. त्यावरची चर्चा तहकूब करण्याचा ठराव ४१ विरुद्ध ४२ मतांनी फेटाळला गेला आणि पुढे मूळ मागणीही मान्य झाली नाही. दंतकथेने या पराभवाचा दोष ठेवला सभापती म्यूलेनबर्ग यांच्यावर, जे स्वतः जर्मन वंशाचे होते.

या दंतकथेत एक घोटाळा आहे आणि तो आजही चालू आहे. अर्जदारांनी राजभाषा मागितली नव्हती. ज्या कायद्याने आपल्याला बांधले जाते तो आपल्याला वाचता यावा, एवढेच ते म्हणत होते. 'राजभाषा कोणती?' हा एक प्रश्न आणि 'सरकारने माणसाला समजेल असे बोलावे की नाही?' हा दुसरा. अमेरिकेत सरकारी सेवा इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही द्याव्यात का, हा वाद गेली पावणेदोनशे वर्षे चालला आहे. त्यात हे दोन प्रश्न सतत एकमेकांत मिसळले गेले. भाषेच्या नावाने कौमेचा हिशेब मांडला जातो हे ज्यांनी अनुभवले आहे, अशा आपल्यासारख्या वाचकांना हा इतिहास परका वाटणार नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. स्पॅनिश ही अमेरिकेत काल-परवा आलेल्या मजुरांची भाषा आहे, असे सर्रास बोलले जाते. फ्लोरिडातले सेंट ऑगस्टिन हे गाव स्पॅनिश लोकांनी १५६५ साली वसवले. इंग्रजांची जेम्सटाउन वसाहत १६०७ ची. न्यू मेक्सिकोतले सांता फे १६१० च्या सुमाराचे. म्हणजे आजच्या अमेरिकेच्या मोठ्या भूभागात, मूळ आदिवासींच्या भाषा सोडल्या तर, स्पॅनिश ही इंग्रजीच्या आधीची भाषा आहे. तिथल्या जुन्या घराण्यांतले लोक म्हणतात की आम्ही सीमा ओलांडून आलो नाही, सीमाच आम्हाला ओलांडून गेली.

ती सीमा ओलांडली गेली १८४८ साली. मेक्सिकोशी झालेल्या युद्धानंतर ग्वादलुपे इदाल्गोचा तह झाला आणि मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख अमेरिकेकडे आला. तहाने तिथल्या रहिवाशांना त्यांच्या मिळकतीची हमी दिली. भाषेबद्दल तह गप्प होता. तरीही कॅलिफोर्नियाची सुरुवात चांगली झाली. १८४९ साली माँटेरे इथे राज्यघटना तयार झाली, तेव्हा ४८ प्रतिनिधींत मारियानो वाय्येहो, पाब्लो दे ला गेर्रा यांच्यासारखे स्पॅनिश भाषक जमीनदार होते आणि कामकाजाला दुभाषा होता. सर्व कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत प्रसिद्ध करावेत, असे कलम त्या घटनेत घातले गेले.

घटनेने दिलेले कचेरीने कसे हिरावून घेतले, हा भाग मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. १८५१ साली जमिनीचा कायदा आला. स्पॅनिश आणि मेक्सिकन अमदानीत मिळालेली प्रत्येक जमीन मालकाने आयोगापुढे सिद्ध करावी, नाहीतर ती सरकारजमा, असा तो कायदा. सिद्ध करण्याचा बोजा मालकावर. आयोग बसायचा मुख्यतः सॅन फ्रान्सिस्कोत, कामकाज इंग्रजीत, कागद सगळे स्पॅनिशमध्ये. ८१३ दावे दाखल झाले. त्यांतले बहुतेक मंजूरही झाले. पण अपिलांवर अपिले होत अखेरचा दाखला हाती पडायला सरासरी १७ वर्षे लागली. तोवर वकिलांची फी, भाषांतराचा खर्च आणि सावकाराचे व्याज यांत जमीन संपलेली असायची. वाय्येहो अमेरिकन राजवटीचे स्वागत करणाऱ्यांपैकी होते, घटना लिहायला बसले होते, राज्याच्या सिनेटमध्ये गेले होते. पण सोस्कोल नावाच्या त्यांच्या मोठ्या जमिनीचा दावा १८६२ साली सर्वोच्च न्यायालयात नामंजूर झाला. दे ला गेर्रा यांनी तर १८५६ मध्येच सिनेटमध्ये उभे राहून सांगितले होते की, आमचे लोक आपल्याच मुलखात परके झाले आहेत आणि जी भाषा आता चालते ती त्यांना कळत नाही.

मोडीतला किंवा फारसीतला कागद वाचणारा माणूस तालुक्यात उरला नाही म्हणजे वारसदाराचे काय होते, हे दर्ग्याच्या इनामाचे खटले लढलेल्या आपल्याकडच्या घरांना वेगळे सांगायला नको. कागद खरा असून चालत नाही. तो हाकिमाच्या जबानीत खरा असावा लागतो.

१८७९ साली कॅलिफोर्नियाने नवी घटना केली आणि द्विभाषिक कलम काढून टाकले. एवढेच नव्हे, तर सरकारी कामकाज इंग्रजीखेरीज कोणत्याही भाषेत करू नये अशी बंदी घातली. १८९४ साली मतदाराला इंग्रजी वाचता आलेच पाहिजे अशी अट आली. ती अट स्पॅनिश वाचणाऱ्या नागरिकांना लावणे गैर आहे, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये सांगितले.

शेजारच्या न्यू मेक्सिकोत याच्या नेमके उलट घडले. १९१२ साली तो मुलूख राज्य झाला, तेव्हा घटनेत लिहिले गेले की इंग्रजी किंवा स्पॅनिश बोलता, वाचता, लिहिता येत नाही म्हणून कोणाचा मताचा, अधिकारपदाचा किंवा ज्यूरीत बसण्याचा हक्क हिरावला जाणार नाही. कायदे वीस वर्षे दोन्ही भाषांत छापायचे ठरले आणि ती मुदत पुढे वाढवली गेली. मताच्या हक्काचे कलम बदलायचे तर राज्यातल्या तीन चतुर्थांश मतदारांची संमती लागेल अशी तटबंदीही केली. दोन राज्यांत इतका फरक का पडला? कारण नीतीचे नाही, संख्येचे आहे. सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात लाखो लोक घुसले आणि स्पॅनिश बोलणारे काही वर्षांत मूठभर ठरले. न्यू मेक्सिकोत ते बहुसंख्य होते आणि घटना लिहिताना त्यांची मते मोजावीच लागली. ज्याच्या मताला वजन, त्याच्या भाषेला खुर्ची.

विसाव्या शतकात प्रश्नाला नवे वळण दिले पोर्तो रिकोने. १९१७ साली या बेटावरच्या लोकांना अमेरिकन नागरिकत्व मिळाले. लाखो लोक न्यूयॉर्कला आले. ते नागरिक होते, शाळा शिकलेले होते, पण स्पॅनिशमधून शिकलेले. न्यूयॉर्कच्या कायद्याने इंग्रजी वाचता न येणाऱ्याला मत नव्हते. १९६५ च्या मताधिकार कायद्यात तरतूद झाली की, पोर्तो रिकोच्या शाळेत सहावीपर्यंत शिकलेल्याला या कारणाने मत नाकारता येणार नाही. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. तर्क सरळ होता. स्पॅनिश वर्तमानपत्र वाचून निवडणूक समजणारा माणूस अडाणी कसा?

पुढची पायरी १९७५ ची. मताधिकार कायद्याच्या २०३ व्या कलमाने, जिथे इंग्रजी पुरेसे न येणारे नागरिक ठरावीक प्रमाणात आहेत, तिथे मतपत्रिका त्यांच्या भाषेतही देणे बंधनकारक केले. स्पॅनिशबरोबर आशियाई आणि आदिवासी भाषांनाही हा लाभ मिळाला. याच कलमामुळे २०१३ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात बंगालीत मतपत्रिका आली.

विरोधकांची बाजू तिरस्काराची होती, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते न्याय्य होणार नाही. मायामीचेच पाहा. क्यूबातल्या क्रांतीनंतर लोक तिथे आले. १९६३ मध्ये तिथल्या एका सरकारी शाळेत दोन भाषांतून शिक्षण सुरू झाले. १९७३ साली डेड परगण्याने स्वतःला द्विभाषिक जाहीर केले. मग १९८० साली मारियेल बंदरातून काही महिन्यांत सव्वा लाख निर्वासित उतरले. त्याच वर्षी मतदारांनी सार्वमताने वटहुकूम काढला की इंग्रजीखेरीज इतर भाषेवर परगण्याचा पैसा खर्च करायचा नाही. घाबरलेल्या, आपल्याच शहरात परके वाटू लागलेल्या माणसांचे ते मत होते. दे ला गेर्रांचेच दुःख, फक्त बाजू पालटलेली. पण कायदा अमलात आला तेव्हा व्यवहार आडवा आला. १९८४ साली आरोग्य, आणीबाणीच्या सेवा, वृद्ध आणि पर्यटन यांना सूट द्यावी लागली. १९९३ साली तो वटहुकूमच रद्द झाला.

त्याच १९८० साली फ्लोरिडातल्या एका रुग्णालयात अठरा वर्षांच्या तरुणाला बेशुद्धावस्थेत आणले गेले. घरचे म्हणाले, तो 'इंतोक्सिकादो' आहे. क्यूबन बोलीत याचा अर्थ, खाण्यातून काहीतरी बाधले आहे. डॉक्टरांनी इंग्रजी शब्दाच्या नादाने तो अमली पदार्थांचा अतिरेक समजला. दुभाषा बोलावला गेला नाही. मेंदूत रक्तस्राव होत होता, तो दोन दिवस कळलाच नाही. तरुण चारही हातापायांनी लुळा झाला. पुढे सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर भरपाई ठरली. दुभाष्याचा खर्च फार होतो म्हणणाऱ्यांपुढे हा आकडा नेहमी ठेवला जातो.

इंग्रजीच्या मोहिमेचा चेहरा होते सिनेटर एस. आय. हायाकावा. मोठे भाषाभ्यासक, जन्म कॅनडातला, आईवडील जपानी. १९८१ मध्ये त्यांनी इंग्रजीला राजभाषा करणारी घटनादुरुस्ती मांडली आणि १९८३ मध्ये 'यू. एस. इंग्लिश' ही संस्था उभी करण्यात त्यांचा वाटा होता. त्यांचा युक्तिवाद असा की स्पॅनिशमध्ये सगळे मिळू लागले तर गरिबाचे मूल इंग्रजी शिकणार नाही आणि कायम तळाशीच राहील. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. राज्याची भाषा पक्की आल्याशिवाय नोकरी नाही, हे आपल्या वस्त्यांतल्या शाळा पाहिलेल्या कोणालाही कळते. पण अनुभव हायाकावांच्या भीतीला दुजोरा देत नाही. अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून अधिक आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक इंग्रजी फार चांगले बोलतात. तिसऱ्या पिढीत तर बहुतेक घरांतून स्पॅनिशच मागे पडते. नातवंड इंग्रजी शिकतेच. प्रश्न आजीचा असतो, आणि तिचे दुखणे आजचे असते.

२००० च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला की, इंग्रजी कमी येणाऱ्यांना केंद्र सरकारच्या सेवा समजून घेता येतील अशी सोय प्रत्येक खात्याने करावी. पुढच्याच वर्षी, वाहन परवान्याची परीक्षा फक्त इंग्रजीत घेणाऱ्या अलाबामा राज्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, भेदभावाचा हेतू नसून केवळ परिणाम असेल, तर सामान्य माणसाला त्या नियमाखाली दावा लावता येणार नाही. १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा जाहीर केले आणि क्लिंटन यांचा आदेश मागे घेतला. इतर भाषांतल्या सेवा बंदच करा असे त्यात म्हटलेले नाही. ते खातेप्रमुखांवर सोपवले आहे. म्हणजे जो हक्काच्या जवळ आला होता तो पुन्हा साहेबाच्या मर्जीवर गेला.

त्यानंतर दीड महिन्याने, १५ एप्रिल २०२५ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीचा निकाल दिला. पाटीवर वर मराठी, खाली उर्दू. मराठी राजभाषा असताना उर्दू कशाला, असा आक्षेप होता. न्यायालयाने तो फेटाळला. राजभाषेचा कायदा आणखी एक भाषा वापरायला मनाई करत नाही आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असा त्याचा आशय. मला हा निकाल दोन कारणांनी महत्त्वाचा वाटतो. उर्दू वाचणाऱ्याला आपली नगरपरिषद आपली वाटावी, हे पहिले. दुसरे आपल्या घरातले. जनगणनेला आलेल्या माणसाने माझ्या आईला मातृभाषा विचारलीच नाही. नाव ऐकले आणि उर्दू लिहायला घेतले. तिला उर्दूचे एक अक्षर येत नव्हते. ती आयुष्यभर मराठीत भांडली, मराठीत रडली. "बाबा, मराठी लिही," म्हणून तिने त्याला दोनदा सांगितले तेव्हा त्याने खोडले.

अमेरिकेतही स्पॅनिश आडनावाच्या, पण स्पॅनिश न येणाऱ्या माणसांची संख्या मोठी आहे. त्यांच्यावर स्पॅनिश अर्ज लादणे ही त्याच खोडीची दुसरी बाजू होईल. म्हणून तिथल्या बऱ्या कार्यालयांत एक साधी रीत आहे. खिडकीवर अनेक भाषांत एकच वाक्य लिहिलेला तक्ता असतो, आणि आलेला माणूस आपल्या भाषेवर बोट ठेवतो. आडनाव कोणी विचारत नाही.

दोन भाषांतल्या मतपत्रिकेचे २०३ वे कलम कायमचे नाही. २००६ साली त्याला पंचवीस वर्षांची मुदतवाढ मिळाली. ती २०३२ च्या ऑगस्टमध्ये संपते.