हैदराबादच्या नावाची विमाने

लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीला रंग देण्याच्या छंदात एक विलक्षण शिस्त आहे: प्रथम विमान कारखान्यातून नुकतेच बाहेर पडल्यासारखे निर्मळ रंगवावयाचे, आणि मग त्याच हातांनी ते युद्धाने झिजविल्यासारखे करावयाचे. पत्र्यांच्या सांध्यांत पातळ केलेला गडद रंग सोडून वरचा पुसून घेणे, स्पंजाच्या तुकड्याने चंदेरी ठिपके उमटविणे, रंगाची कोरडी पूड कुंचल्याने घासणे, या साऱ्या खटाटोपाला छंदी मंडळी ‘वेदरिंग’ म्हणतात. परंतु ही झीज मनास येईल तेथे आणून चालत नाही. स्पिटफायरच्या डाव्या पंखाच्या मुळाशी, जेथे वैमानिक आणि मिस्त्री पाय देऊन चढत, तेथला रंग खरवडून खालचे ॲल्युमिनियम उघडे पडे. धूर सोडणाऱ्या नळ्यांमागे इंजिनाच्या अंगावर करडा-तपकिरी पट्टा धरे. बंदुकांच्या मुखांवर चिकटविलेल्या तांबड्या कापडी पट्ट्या पहिल्याच फैरीत फाटत आणि पंखाखाली दारूची काजळी मागे ओढली जाई. जो डाग कोणत्याही छायाचित्राच्या वा कारणाच्या आधारावाचून उमटला, तो या शास्त्रात खोट्या दस्तऐवजासारखाच अमान्य होय.

या काटेकोर शिस्तीचा बीड जिल्ह्याशी संबंध काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. बालाघाटाच्या या मुलखात विमानांचा कारखाना कधी नव्हता. तथापि दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता, आणि ब्रिटिश हवाई दलाच्या तीन स्क्वॉड्रनांनी, म्हणजे ११०, १५२ आणि २५३ या क्रमांकांच्या तुकड्यांनी, आपल्या नावात हैदराबादचे नाव धारण केले होते. त्यांतील १५२ व्या स्क्वॉड्रनच्या बोधचिन्हावर तर प्रत्यक्ष निजामाचे शिरोभूषण होते, आणि त्याखालच्या ब्रीदवाक्याचा अर्थ ‘एकनिष्ठ दोस्त’ असा होता. हे ब्रीद कोणा कवीने सुचविलेले नव्हे. पहिल्या महायुद्धातील साहाय्याबद्दल १९१८ साली इंग्रज सरकारने निजाम मीर उस्मान अली खान यांस जो किताब बहाल केला, त्यातूनच ते उचललेले होते.

त्या पहिल्या युद्धातील साहाय्याचा एक पुरावा अद्याप शाबूत आहे. ११० व्या स्क्वॉड्रनची डी. एच. ९ए जातीची बाँबफेकी विमाने निजामाने दिलेल्या द्रव्यातून उभी राहिली, आणि प्रत्येकाच्या अंगावर दात्याचा उल्लेख व हैदराबादचा अनुक्रमांक रंगविण्यात आला. त्यांपैकी ‘१२ ए’ हे विमान ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती पडले, बर्लिनच्या संग्रहालयात ठेवले गेले, पुढे दुसऱ्या युद्धाच्या धामधुमीत पोलंडात पोहोचले, आणि १९७७ साली क्राकोच्या संग्रहालयाकडून एका स्पिटफायरच्या बदल्यात लंडनला परतले. निजामाच्या नजराण्याची अदलाबदल दुसऱ्या युद्धाच्या विमानाशी व्हावी, हा इतिहासाचा विनोद खरा.

दुसऱ्या युद्धात नजराण्याची पद्धत अधिकच रूढ झाली. १९४० साली एका स्पिटफायरची देणगीची किंमत ठोकळमानाने ५,००० पौंड ठरविण्यात आली होती. १५२ वी स्क्वॉड्रन ऑक्टोबर १९३९ मध्ये पुन्हा उभी राहिली, वर्ष पालटताच तिला स्पिटफायर मिळाली, आणि १९४० च्या उन्हाळ्यात ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वॉर्मवेल येथून पोर्टलंडच्या आरमारी तळाचे रक्षण करू लागली. त्या काळची प्रतिकृती करू पाहणाऱ्याने वरच्या अंगास गडद हिरवा व मातकट तपकिरी, खालच्या अंगास फिकट हिरवट-निळा रंग द्यावा, आणि बाजूस ‘यू एम’ ही अक्षरे लिहावी.

तीच स्क्वॉड्रन १९४३ च्या अखेरीस हिंदुस्थानात येऊन पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली, आणि येथे रंगाचा अवघा हिशेब बदलला. जपानी विमानांवर तांबडा सूर्य असे. दृष्टीचा क्षणमात्र भ्रम होऊन आपल्याच विमानावर गोळी सुटू नये म्हणून ब्रिटिश विमानांवरील वर्तुळाकार ओळखचिन्हातला तांबडा रंग या आघाडीवर काढून टाकण्यात आला आणि गडद निळ्यावर फिकट निळा मध्य राहिला. काही विमानांच्या अंगावर झेप घेणारा बिबट्या रंगविलेला होता. ऊन, धूळ आणि मोसमी पाऊस यांनी विटलेला हा रंग इंग्लंडातल्या दमट, तेलकट मळापासून वेगळा दाखविणे, हीच कारागिराची खरी परीक्षा. बहात्तर पटींनी लहान केल्यावर सहा इंचांच्या आसपास उरणाऱ्या पंखांवर ती द्यावी लागते.

परंतु या विमानांवरची सर्वांत खोल खूण कुंचल्याला उमटविता येत नाही. निजामाचे द्रव्य दिवाणी खजिन्यातून येवो की सर्फ-ए-खास या त्याच्या खाजगी मुलखातून, त्याचा मुख्य उगम जमीनमहसूल हाच होता. आणि हा महसूल पाटील-पटवाऱ्यांच्या दप्तरातून, तहसिलीच्या मार्गाने, ज्वारी-कापूस पिकविणाऱ्या रयतेकडून वसूल होत असे. पावसाचा भरवसा नसलेला बीड हा त्याच रयतेचा मुलूख. नजराण्याचा मान मात्र दात्याला मिळाला.

पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये भारत सरकारने हैदराबाद संस्थानावर लष्करी कारवाई केली, तिलाच ‘पोलीस कारवाई’ म्हणतात. त्या वेळी भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने निजामाच्या राज्यावर उडाली. ती हॉकर कंपनीची, आणि याच कंपनीच्या हरिकेन विमानांनी २५३ वी हैदराबाद स्क्वॉड्रन १९४० साली लढली होती. बीड जिल्ह्यातील मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे निजामाच्या फौजेतील गोवळकोंडा लान्सर्सनी नाममात्र प्रतिकार करून शस्त्रे ठेवली, आणि १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी पुकारली. ‘एकनिष्ठ दोस्त’ ही उपाधी त्या दिवशी कोणाच्याच उपयोगी पडली नाही.

प्रतिकृतीच्या तळपट्टीवर स्क्वॉड्रनचा क्रमांक, ठिकाण आणि साल लिहिण्याचा प्रघात आहे. खर्च कोणी सोसला हे मात्र लिहीत नाहीत. एका खरचटीलाही पुरावा मागणाऱ्या या छंदात ही उणीव शोभत नाही. बीडच्या एखाद्या कारागिराने १५२ व्या स्क्वॉड्रनचे स्पिटफायर हाती घेतलेच, तर त्याने तळपट्टीवर आणखी एक ओळ घालावी: हैदराबाद संस्थानाच्या रयतेच्या महसुलातून.