सरवा

वर्धा जिल्ह्यात आंजीहून आर्वीकडे जाताना रस्त्यालगतच्या वावरात सोयाबीनची सोंगणी आटोपली की बाया उतरतात. पदराची ओटी खोचलेली, नजर मातीत. धसकटांच्या मधून एकेक सुटलेली शेंग उचलायची, फुटलेल्या शेंगेचे दाणे ढेकळाजवळून टिपायचे, तळहातावर घेऊन फुंकर मारायची आणि ओटीत टाकायचे. ज्वारी भरपूर होती तेव्हा कणसं वेचली जायची. या कामाला आपल्याकडे नाव आहे: सरवा वेचणे. मालक बांधावर उभा असला तरी बाईला काही मागावं लागत नाही. पीक त्याचं, सरवा तिचा.

मराठीत भुकेल्याला देण्याचे शब्द पुष्कळ आहेत. दान, भिक्षा, माधुकरी, सदावर्त, अन्नछत्र, खैरात. या सगळ्यांत देणाऱ्याचा हात वर असतो. सरव्यात तो हातच नाही. संस्कृतात या वेचण्यासाठी दोन शब्द आहेत. कणसं वेचणं ते शिल, दाणा दाणा टिपणं तो उंछ. वैशेषिक दर्शनाच्या कणादांचं नावही असे कण वेचून खाण्यावरून पडलं, असं परंपरा सांगते. मनुस्मृतीत तर शिलोंछाला ‘ऋत’ म्हटलंय, न मागता मिळालेल्याला ‘अमृत’ आणि मागून मिळालेल्या भिकेला ‘मृत’. त्या ग्रंथाशी माझं भांडण मोठं आहे, पण वेचण्याला ऋत आणि मागण्याला मृत म्हणणाऱ्याला भुकेची लाज कळली होती, हे मी मान्य करतो.

हा शब्द मला पुन्हा भेटला तो मराठी बायबलात, रूथच्या गोष्टीत. विधवा सून परमुलखात सासूला जगवायला शेतात जाते आणि सरवा वेचते. ज्यू धर्मशास्त्रात वेचण्याचा हा हक्क कायद्याने बांधलेला आहे. शेताचा कोपरा कापायचा नाही, तो गरिबाचा. त्याला पेआ म्हणतात. कापताना हातून गळलेलं ते लेकेत, म्हणजे आपला सरवाच. शेतात विसरून राहिलेली पेंढी आणायला परत फिरायचं नाही. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात तर हिशेबही आहे. कोपरा पिकाच्या साठाव्या भागाहून कमी नसावा. एकत्र पडलेली दोन कणसं गरिबाची. तीन पडली तर मालकाची. गरिबाला द्यायचं त्याला हिब्रूत त्सेदाका म्हणतात. मुळात तो शब्द न्यायाचा आहे, दयेचा नाही. अरबी सदका त्याचाच भाऊ.

गरिबाला देण्याची ही रीत मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी आपल्याच मातीत जगून दाखवली आहे. कोकणातले हे ज्यू म्हणजे बेने इस्राएल. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं गावावरून: दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, किहीमचे केहीमकर. आंजीचा तो आंजीकर, तसंच. त्यांनी सणांनाही मराठी नावं दिली. योम किप्पूर हा कडक उपासाचा दिवस. त्याला ते दारफळणीचा सण म्हणत, म्हणजे दारं लावून घेण्याचा. घरात बसून उपास आणि प्रार्थना. दुसऱ्या दिवशी दारं उघडायची, गोरगरिबांना द्यायचं आणि एकमेकांकडे भेटायला जायचं. त्या दिवसाचं नाव शिळा सण.

या नावावर माझा जीव जडला आहे. शिळा हा शब्द शीतलवरून आला. शीतल म्हणजे गार. चुलीवरून उतरून रात्र गेलेलं अन्न ते शिळं. शिळासप्तमीला चूल न पेटवता गार जेवतात, ते याच अर्थाने. वेचण्याचा शिल आणि हा शिळा यांचं नातं नाही, कानाला जवळचे वाटतात इतकंच. सणाच्या दुसऱ्या दिवसाला आपण कर म्हणतो. पोळ्याच्या करीला आपल्याकडे विदर्भात तान्हा पोळा भरतो, पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार जातात आणि त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो. सण शिळा झाला की तो घराबाहेर वाटायचा, ही रीत दोघांची एकच आहे. फरक एवढाच, की बेने इस्राएलांनी आदला दिवस स्वतः उपाशी राहून काढलेला असे. योम किप्पूरला सकाळी बायबलातल्या यशया संदेष्ट्याचा जो भाग वाचतात, त्यात विचारलंय की भुकेल्याला भाकरीतला वाटा दिला नाही, तर हा उपास कसला?

अमेरिकेतल्या ज्यूंनी 1985 साली भुकेविरुद्ध काम करणारी ‘माझोन’ ही संस्था उभी केली. हिब्रूत माझोन म्हणजे अन्न. लग्नकार्याच्या खर्चाचे तीन टक्के भुकेल्यांसाठी काढा, असं ती संस्था सांगत आली. शेत राहिलं नाही, तर पंगतीचा कोपरा सोडला.

आता सोंगणीला हार्वेस्टर येतं. मागे राहतं तेही काही जण वेचू देत नाहीत, ‘चोर’ म्हणून हाकलतात. चोरी आणि सरवा हे दोन वेगळे शब्द मराठीने ठेवलेत. यंदा सोंगणीनंतर तुमच्या वावरात कोणी वाकलेलं दिसलं, तर तिला हटकू नका. ती तिचं घेतेय.