ऋतुकालीन हस्तकौशल्य-उपक्रम, बालवाडीतील

ऋतुकालीन हस्तकौशल्य-उपक्रम : तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांच्या बोटांत व मनगटात बळ यावे, हाताला नेमकेपणा यावा आणि हात-डोळ्यांचा मेळ बसावा, यासाठी त्या त्या ऋतूत भोवताली मिळणारी पाने, फुले, शेंगा, माती व धान्य वापरून योजलेली कामे आणि खेळ. शिक्षणशास्त्रात ही कामे सूक्ष्म कारक विकासात मोडतात. खुडणे, सोलणे, ओवणे, वळणे, थापणे, फाडणे आणि पिळणे या त्यांतील मुख्य क्रिया होत. येथे महाराष्ट्रातील बालवाड्या व अंगणवाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत.

मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती बहुधा कूर्चेचीच असतात आणि पुढे एकेक करून कठीण होत जातात. बरीचशी तीन ते सहा या वयात कठीण होऊ लागतात, तर वाटाण्याएवढे शेवटचे हाड साधारण आठ वर्षांनंतर. पकडही अशीच टप्प्याटप्प्याने येते. दीड वर्षाचे मूल खडू मुठीत धरते. अंगठा, तर्जनी व मधले बोट यांची पकड चौथ्या वर्षाच्या आसपास दिसू लागते आणि त्या पकडीत केवळ बोटे हलवून लिहिणे पाचव्या-सहाव्या वर्षी जमते. तीन वर्षांच्या मुलाकडून ‘ग’ गिरवून घेण्याची घाई म्हणूनच चुकीची आहे. त्या वयात हाताला पाटी-पेन्सिलीपेक्षा मातीची आणि शेंगांची जास्त गरज असते.

या विचाराला महाराष्ट्रात पाया मिळाला तो ताराबाई मोडक यांच्या कामातून. ताराबाई व गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये भावनगर येथे नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. मारिया माँटेसरी यांची पद्धत त्यांनी मनापासून स्वीकारली होती, पण तिची घोटीव लाकडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेथे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने व माती यांनाच साधने केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली; तीच अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडला, वारली वस्तीत गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रे देशभर अंगणवाडी याच नावाने ओळखली जातात.

वर्षाऋतू हा या उपक्रमांचा सर्वांत संपन्न काळ. माती ओली व मऊ असते आणि सणही मातीचेच असतात. बेंदूर किंवा पोळ्याला मुले मातीचे बैल करतात. गोळा तळहातावर मळताना हाताची कमान तयार होते, शिंगे ओढून काढताना चिमूट पक्की होते. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल मिरवतात. त्यांची झूल रंगवण्याचे, गळ्यात माळ बांधण्याचे काम मुलांच्याच हाती द्यावे. गणपतीच्या दिवसांत शाडूची माती येते. ती बारीक असल्याने बोटांचे ठसे त्यात स्पष्ट उमटतात आणि आपण किती दाबले हे मुलाला स्वतःच दिसते.

दूर्वा खुडणे हे दिसायला साधे, पण फार मोलाचे काम आहे. तीन पात्यांचा कोवळा तुरा हवा असतो. वरून धरून ओढले तर पाते तुटते, जोर केला तर अख्खी वेल मुळासकट हातात येते. तुऱ्याच्या बुडाशी अंगठ्याचे नख टेकवून, तर्जनीचा आधार देऊन हलकेच खुडावे लागते. एकवीसची जुडी चार वर्षांच्या मुलाला मोजता येत नाही. त्याला तीन-तीनचे सात ढीग करू द्यावेत, जुडी ताईंनी बांधावी. भाद्रपद-आश्विनात तेरड्याच्या पिकलेल्या शेंगा मिळतात. चिमटीत धरताच शेंग फुटून बिया उडतात. किती कमी दाब पुरे होतो हे शिकवणारे इतके चांगले साधन विकत मिळणार नाही.

दसऱ्याला झेंडू येतो. लहान मुलांच्या हाती सुई न देता नारळाच्या हिरात फुले ओवून घ्यावीत. दिवाळीत पणत्या रंगवणे, किल्ल्यावर मोहरी-अळीव चिमटीने पेरणे, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कापणे चालते. रांगोळीची चिमूट सोडणे मात्र पाच वर्षांखालच्या मुलांना सहसा साधत नाही. त्यांना ठिपक्यांवर पाकळ्या मांडायला द्याव्यात.

हिवाळा सोलण्याचा. मटाराची शेंग शिवणीवर दाबली की उघडते, म्हणून सुरुवात तिच्यापासून करावी. त्यानंतर तूर आणि शेवटी हरभरा. हरभऱ्याचा घाटा दोन्ही अंगठ्यांनी दाबून फोडावा लागतो. डहाळ्यावर आंबट आंब असते, ती डोळ्यांत गेल्यास झोंबते. सोलून झाले की हात धुतलेच पाहिजेत. संक्रांतीनंतर होणाऱ्या बोरन्हाणात सांडलेले कुरमुरे मुले एकेक करून वेचतात, हाही चिमटीचा उत्तम सराव. सोललेले दाणे त्याच दिवशीच्या खाऊत पडावेत असा माझा आग्रह आहे. कामाचा उपयोग दिसला की मूल दुसऱ्या दिवशी आपण होऊन टोपली मागते.

फाल्गुनात पळसाची फुले पाण्यात भिजवून, फडक्यातून पिळून रंग करतात. पिळताना दोन मनगटे उलट दिशांना फिरतात, आणि झाकण उघडताना किंवा नळ बंद करताना हीच हालचाल लागते. उन्हाळ्यात घरोघरी वाळवणे होतात. त्यांतले गव्हले वळणे मुलांना सहज जोडून घेता येते. घट्ट भिजवलेल्या कणकेचा कण अंगठा व तर्जनीत धरून मागेपुढे फिरवला की गव्हाएवढा दाणा तयार होतो. मुलांचे दाणे जाडे-वाकडे होतात. ते वेगळ्या ताटात वाळवून त्यांचीच खीर करावी, मोठ्यांनी पुन्हा वळत बसू नये. आता हे काम यंत्राने होते किंवा होतच नाही, याची खंत वाटते. आजीला तासभर बालवाडीत बोलावले तर ते अजूनही शिकवता येईल.

शहरात अंगण नसले तरी बाजारातल्या हंगामी भाजीवर बरेच भागते. मेथी व शेपू निवडणे, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणे ही कामे सदनिकेतही होतात. परदेशातील मराठी शाळांनी आपल्या सणांच्या तारखांना तिथल्या झाडांची जोड द्यावी. आपटा मिळाला नाही तर शरदात गळणारी पाने आहेतच.

सुरक्षेबाबत तडजोड नको. गुंजा दिसायला सुंदर असल्या तरी विषारी असतात. मणी म्हणून त्या वापरू नयेत. पिवळ्या कण्हेरीच्या बिया, म्हणजे बिट्ट्या, खेळायला देण्याची जुनी सवयही सोडावी. चिंचोके, शेंगदाणे व हरभरे मुले नाकाकानांत घालतात किंवा ते घशात अडकतात. चार वर्षांखालच्या मुलांना असे दाणे देताना मोठे माणूस हाताच्या अंतरावर बसलेले असावे आणि गट पाच-सहांपेक्षा मोठा नसावा. डावखुऱ्या मुलाला उजवा हात वापरायला लावू नये. कात्री मात्र त्याच्यासाठी वेगळी ठेवावी.