गव्हाचा घांस आणि आंतड्याचा पहारा

मंगळवेढ्याच्या ज्वारीचा अभिमान आम्हां सोलापूरकरांस आहेच. परंतु सीलिॲक या रोगाचा इतिहास वाचला म्हणजे तिचा आणखी एक गुण ध्यानांत येतो.

१८८८ सालीं लंडनचे डॉ. सॅम्युएल गी यांनीं या रोगानें खंगलेल्या मुलांचें वर्णन केलें. पोट फुगलेलें, हातपाय वाळलेले, जुलाब थांबेनात. उपाय असलाच तर तो आहारांतच, हें त्यांनीं ओळखलें. गंमत अशी कीं, भाजलेल्या पावास मात्र त्यांनीं मुभा दिली!

हॉलंडचे डॉ. विलेम डिके यांस महायुद्धापूर्वींच गव्हाचा संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत तेथें दुष्काळ पडून पाव दिसेनासा झाला. लोक उपाशी, आणि हीं मुलें सुधारूं लागलीं! पाव परतला तशीं पुन्हां खालावलीं. १९५० सालीं डिके यांनीं हें प्रबंधांत मांडलें.

कारण पुढें उलगडलें. जंतूंना अडवावें, अन्नास वाट द्यावी, यासाठीं आंतड्याच्या अस्तरांत शरीराचे पहारेकरी असतात. कांहींच्या जन्मजात ठेवणीमुळें गव्हांतील ग्लूटेन त्यांस शत्रू भासतें. मग चकमकींत अस्तरावरील अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुरच झडतात, आणि भरल्या ताटावर मूल उपाशी राहतें. १९९७ सालीं जर्मन संशोधकांनीं दाखविलें कीं, हे पहारेकरी शरीराच्याच एका विकरावर उलटतात.

ज्वारींत असें ग्लूटेन नाहीं. भाकरी अशा रोग्यास चालते. मात्र गिरणींत गव्हामागून दळलेलें पीठ नको. तेवढ्या मिसळीनेंही पहारेकरी खवळतात.