ट्रॉलीच्या लाईटची कोणती वायर कुठली? असे ओळखा
उसाच्या सीझनला रात्री बिनलाईटची ट्रॉली मागच्या गाडीवाल्याला दिसत नाही अन् जीव जातो. वायरिंग घरी जोडताना रंगावर भरवसा ठेवू नका, आधीच्याने कुठलीही वायर वापरलेली असते. १२ व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडा. एक बॅटरीच्या मायनसला लावा, दुसरी ट्रॅक्टरच्या सॉकेटमधल्या एकेका पिनला टेकवा. चावी चालू ठेवून पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर एकेक लावून बघा. ज्याला बल्ब पेटेल, ती पिन त्याची. लगेच लिहून ठेवा. जोडताना बॅटरीचा मायनस काढा. नंतर इंडिकेटरबरोबर मागचे इतर दिवेही लुकलुकले, तर ट्रॉलीचे अर्थिंग कच्चे समजा, बोल्टचा गंज घासून घट्ट आवळा. फ्यूज उडाल्यास तेवढ्याच अँपिअरचा टाका. तार गुंडाळू नका, वायरिंग जळते.